हरीबाईची थंड चूल

नगरच्या स्टेशनावर गाडी लागली तेव्हा शमुवेलमामा फलाटावर तांदळाच्या गोणीवर ठाण मांडून बसले होते आणि हमालाला तिला हात लावू देत नव्हते. डॉक्टरांनी त्यांना जिना चढायलासुद्धा बंदी केली होती. छातीत एकदा दुखून गेलं होतं, दुसऱ्यांदा दुखलं तर सांगता येत नाही, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. म्हणूनच मी, त्यांची भाची, मिशनच्या दवाखान्यातली नर्स, रजा काढून त्यांच्याबरोबर निघाले होते. शेवटी गोणी हमालानेच उचलली. मामांनी तिचा एक कोपरा धरला, आणि ‘आम्ही दोघांनी चढवली’ असं ते पुण्यापर्यंत डब्यातल्या प्रत्येकाला सांगत राहिले.

हा प्रवास आपल्या चर्चच्या मंडळीत फार गाजला. त्याबद्दल निरनिराळं बोललं गेलं, आणि बोलणाऱ्यांपैकी तिथे कोणीच नव्हतं. मी होते. म्हणून लिहिते.

मामांनी सगळा जन्म मिशनच्या शाळेत हेडमास्तरकी केली. दुखणं झाल्यापासून त्यांच्या डोक्यात एकच विषय होता, शेवटला न्याय. राजा सिंहासनावर बसेल, सगळी राष्ट्रं समोर उभी राहतील, आणि तो काहींना उजवीकडे पाठवील, काहींना डावीकडे. का, तर मी भुकेला होतो, तहानेला होतो, परका, उघडा, आजारी, तुरुंगात होतो, तेव्हा तुम्ही काय केलंत? “रूथ, प्रश्नपत्रिका आधीच हातात दिली आहे,” मामा म्हणत. “असा परीक्षक जगात मिळायचा नाही. तरी लोक नापास होतात.” लोक म्हणजे ते स्वतः, हे मला ठाऊक होतं. आयुष्यभर हा धडा त्यांनी पोरांकडून पाठ करून घेतला होता. पण एखाद्या भुकेल्याच्या पानात स्वतःच्या हाताने घास वाढल्याचं त्यांना आठवत नव्हतं. मामांना भीती वाटत होती. मरणाची नाही, त्या दिवशी तिथे उभं राहून खाली बघावं लागेल, याची.

अशातच आपल्या पाळकांनी एका रविवारी कल्याण कॅम्पची हकिगत सांगितली. फाळणीत सिंध सोडून आलेले लोक लष्कराने सोडलेल्या बराकीत राहतात, एकेका बराकीत कितीतरी बिऱ्हाडं, मधे नुसते गोणपाटाचे पडदे. उल्हासनगर हे नाव मिळून दोन-चार वर्षं झाली होती, पण पाळकांच्या आणि आमच्या तोंडी कॅम्पच होतं. उपासना संपायच्या आत मामांचं ठरलं होतं. आपल्या शेतातला तांदूळ नाही तर निदान आपल्या पेन्शनीतला न्यायचा, तिथे जाऊन स्वतः खिचडी शिजवायची आणि स्वतः वाढायची. मामांनी जन्मात चहासुद्धा केला नव्हता. मामी वर स्वर्गात बसून हसत असतील, असं मी म्हणाले. तेही हसले, पण बेत बदलला नाही.

घाटात मामा खिडकी सोडायला तयार नव्हते. श्रावण संपत आला होता, आणि आम्ही नगरची माणसं, एवढं पाणी एके ठिकाणी बघितलं की हे सगळं वाया चाललं आहे असंच आधी मनात येतं. कर्जतच्या पुढे भाताची खाचरं सुरू झाली. वांगणीला एक ठाकर बाई पळसाच्या पानांवर करटोली (काटेरी सालीची छोटी रानभाजी) मांडून बसली होती. मामांनी खिडकीतूनच विचारलं, “बाई, हे कडू असतं का?”

“कडू ता कारली,” ती म्हणाली. “ही खाशील तं परत येशील.”

मामांनी ती घेतली, मांडीवर ठेवली, आणि बदलापूरला उतरताना गाडीतच विसरले.

बदलापूरला मामांचा जुना विद्यार्थी येशुदास रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता. त्याच्या क्वार्टरमध्ये आमचा मुक्काम. त्याच्या बायकोने तांदळाच्या भाकरी केल्या होत्या आणि शेतातल्या चिंबोऱ्यांचं (खेकड्यांचं) कालवण. मामांनी चिंबोरीकडे पाहिलं, चिंबोरीने मामांकडे. “सर, नांगी आधी फोडायची,” येशुदास अदबीने म्हणाला, आणि ज्याने एके काळी मामांच्या छड्या खाल्ल्या त्याने मामांना जेवायला शिकवलं. खिचडीसाठी मोठं पातेलं, डाव, मुगाची डाळ, मीठ-हळद, सगळी तयारी त्यानेच करून दिली. एवढंच म्हणाला, “सर, ते लोक असं घेतील का? फार मानी आहेत. आमच्या धक्क्यावर येतात, ओझी उचलतात, पण कोणी हात पसरल्याचं मी पाहिलं नाही.”

“भुकेला माणूस हात कोणाचा ते बघतो का?” मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबरनाथला उतरलो. मोरिवलीचा एक टांगेवाला मिळाला, जेमतेम दात उरलेला, बोलका. मामांनी त्याला टांगा आधी देवळाकडे घ्यायला लावला. ओढ्याकाठचं ते काळं जुनं शिवालय पावसाने ओलं होऊन चमकत होतं, आणि भिंतीवर इंचभर जागा कोरायची ठेवलेली नव्हती. मामा छत्री धरून बाहेरूनच सगळीकडून फिरले, कौतुकाने बघत. पुजारी “आत या की” म्हणाला तेव्हा त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “नाही महाराज, बाहेरून बघतो. फार सुंदर आहे.”

हे मामांचं पहिल्यापासूनचं. देवळात जायचं नाही आणि नैवेद्याचं खायचं नाही. त्यांच्या आजोबांनी ख्रिस्ताचं नाव घेतलं तेव्हा गावकऱ्यांनी देवीचा नारळ पुढे केला, हा खा आणि घरी चल, म्हणाले. आजोबांनी तो खाल्ला नाही आणि त्या गावात त्यांना पुन्हा पाणी मिळालं नाही. त्या एका न खाल्लेल्या खोबऱ्याच्या तुकड्यावर आमचं घराणं उभं आहे, असं मामा म्हणत. त्यांचे जिवलग मित्र कुलकर्णीमास्तर गणपतीत नैवेद्य दाखवण्याआधी मामांचे मोदक वेगळे काढून ठेवत. सोवळ्यातल्या त्यांच्या आईसुद्धा म्हणत, “शमुवेलचे काढलेत ना रे?” अशी दोन्हीकडून जपलेली गोष्ट होती ती.

टांगा कॅम्पात शिरला. मामांनी टांगेवाल्याला विचारलं, “इथले सगळ्यांत भुकेले लोक कुठे राहतात?”

त्याने वळून पाहिलं. “भुकेलं? हितं कोन भुका नाय, मास्तर. सगली कामाला जुपलीत. म्हातारी पापड लाटतं, पोर गोल्या इकतं. आमीच यांच्याकरना उधार नेताव.”

खरंच तसं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खोके मांडून दुकानं झाली होती. कोणी शिवणयंत्र चालवत होतं, कोणी लोणची भरत होतं, आणि लाकडी खोक्यावर बसून एक म्हातारा कुलपं दुरुस्त करत होता. मामांचा चेहरा उतरला. एवढी गोणी घेऊन आलो आणि इथे भुकेलाच नाही! मला हसू येत होतं आणि त्यांची कीवही येत होती.

मग टांगा पार आतल्या बराकींपाशी आला आणि मामांनी माझा दंड धरला. “रूथ, बघ.”

लांबलचक बराक, पुढे सबंध लांबीचा व्हरांडा, आणि प्रत्येक पडद्यासमोर एक मातीची चूल. जेवणाची वेळ होत आली होती. एकाही चुलीत जाळ नव्हता. कुठे धूर नाही, भांड्याचा आवाज नाही, बाईमाणूस दिसत नाही. चुली झाडून पुसून, कुंकू लावून ठेवलेल्या. आपल्याकडेही बायका चुलीला कुंकू लावतातच, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही.

“घरात दाणा असता तर चूल पेटली नसती का?” मामा म्हणाले. “मानी आहेत. बोलत नाहीत. चुली बोलतात.”

मला ते पटलं, हेही सांगायला हवं. आपल्या भाषेत चूल पेटली नाही म्हणजे दुसरा काही अर्थ होतच नाही. टांगेवाल्याने गोणी उतरवून दिली आणि मान हलवत निघून गेला. बाहेर भुरभुर होती, म्हणून मामांनी व्हरांड्याच्या मोकळ्या टोकाला तीन दगड मांडले, येशुदासने दिलेली सुकी लाकडं रचली आणि काडी ओढली. पहिल्या काड्या विझल्या. मग पेटलं. मामा वाकून फुंकर घालत होते, टोपी मागे सरकलेली, डोळ्यांत धूर, आणि तोंडावर असा आनंद की मला डॉक्टरांचं बोलणं आठवलंच नाही. पातेल्यात पाणी तापलं, तांदूळ-डाळ पडली. ते डाव धरून उभे राहिले.

तेवढ्यात बायका आल्या. ओळीने, डोक्यावरून ओढण्या घेतलेल्या, हातात पूजेची ताटं आणि पाण्याचे तांबे. बहुधा विहिरीवरून. सगळ्यांत पुढची बाई साठीची असेल, उंच, पांढऱ्या ओढणीतली. तिने आमचा जाळ पाहिला आणि जागच्या जागी थांबली.

“ही छा कयो!” ती ओरडली (हे काय केलंत!). आणि हातातला अख्खा तांबा तिने आमच्या चुलीवर ओतला.

मग सगळ्या एकदम बोलू लागल्या. सिंधीतून हिंदीत, हिंदीतून सिंधीत. हळूहळू समजलं. त्या दिवशी त्यांची थधडी होती, शीतळामातेचा सण. आदल्या दिवशी सगळा स्वयंपाक करून ठेवतात, चूल विझवून तिच्यावर पाणी शिंपडून तिला थंड करतात, आणि तो सबंध दिवस घरात विस्तव पेटत नाही. सगळं थंड खायचं, म्हणजे माता थंड होते आणि मुलाबाळांच्या अंगातला ताप उतरतो. उंच बाईचं नाव हरीबाई. तिच्या पडद्याआड तिची नात गोवराने फणफणून पडली होती. मुलीचे आईबाप तिकडून निघताना गेले होते. कसे, ते तिने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. या वर्षीची थधडी ती त्या एका मुलीसाठी करत होती.

“माता गुस्सा हो गई तो?” ती म्हणाली. आता ओरडत नव्हती. “मेरे पास यही एक है, बाबा.”

मामांनी टोपी काढली आणि ओल्या फरशीवर बसले. त्यांची नाडी बघायला मी वाकले, तर त्यांनी हात सोडवून घेतला. “डावीकडच्यांना आगीत पाठवतात, रूथ,” ते हळूच म्हणाले. “मी आग बरोबरच घेऊन आलो.” मग मोडक्या हिंदीत ते हरीबाईला म्हणाले, “माई, मुझे मालूम नहीं था. मुझे लगा, घर में दाना नहीं है.” आणि त्यांनी तिच्या पायांना हात लावला. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबापुढेही न वाकलेले आमचे मामा.

हरीबाईने गोणीकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं. तिला आता कुठे समजलं की हा म्हातारा कशासाठी आला होता.

तेव्हा बराकीतली एक फार म्हातारी बाई पुढे झाली. तिने सांगितलं, ज्याने जाळ केला त्यानेच आजारी पोरीच्या घरचं थंड जेवावं, म्हणजे माता निवेल. असा त्यांच्यात खरोखर नियम आहे की तिने तो तिथल्या तिथे काढला, मला आजपर्यंत कळलेलं नाही. हरीबाई आत गेली आणि थाळी घेऊन आली. त्यात लोलो (गुळाची जाड गोड पोळी), दही आणि थंड भाजी होती. पोळीच्या कडेला कुंकवाचा ठिपका होता.

मामांनी तो पाहिला. “माई, यह देवी को चढ़ाया है?”

“हां, अदा,” ती म्हणाली. अदा म्हणजे भाऊ. “माता का प्रसाद है. खाओ.”

मी पुढे झाले. “इनको डॉक्टर ने मना किया है, मीठा नहीं—”

“थांब, रूथ,” मामा म्हणाले. “खोटं बोलू नकोस.”

थाळी त्यांच्या समोर होती. मला त्यांचे आजोबा दिसत होते, मी न पाहिलेले, गावाच्या वेशीत उभे असलेले. कुलकर्णीमास्तरांचे वेगळे काढलेले मोदक दिसत होते. न्यायाच्या दिवसासाठी म्हणून जे एवढ्या लांब आले, त्यांना त्या दिवसासाठी जपलेली सगळ्यांत मोठी गोष्ट इथे टाकून द्यावी लागणार होती, आणि तीसुद्धा अशा एका समजुतीसाठी, जी त्यांची नव्हती. न खाल्लं तर हरीबाई आज, उद्या, मुलगी बरी होईपर्यंत, आणि न झाली तर जन्मभर, त्या जाळाकडे बघत बसणार होती. हरीबाई थाळी पुढे करून उभी होती.

पडद्याआडून मुलीने पाणी मागितलं. मी आत जाऊन तिला पाजलं. अंग चटका बसावा असं तापलं होतं. बाहेर आले तेव्हा मामांनी डोळे मिटले होते आणि जेवणाआधीची प्रार्थना ते मराठीत, मोठ्याने, नेहमीच्या शाळेतल्या सुरात म्हणत होते. अन्नाबद्दल आभार मानले, हे अन्न रांधणाऱ्या हातांबद्दल मानले, मुलीचा ताप उतरव म्हणाले. बायकांतल्या एकीने हात जोडले.

आमेन म्हणून मामांनी लोलो मोडला आणि खाल्ला.

हरीबाई त्यांच्यासमोर उकिडवी बसून राहिली. एक संपला तसा तिने दुसरा वाढला. मामा सकाळपासून उपाशी होते. दुसऱ्याला जेवू घातल्याशिवाय खायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलेलं. त्यांनी तो दुसराही खाल्ला, दही बोटाने पुसून घेतलं, आणि मग थाळी मांडीवर ठेवून ते लहान मुलासारखे रडले. हरीबाईने आपल्या ओढणीने त्यांचं तोंड पुसलं. म्हणाली, “बस, अदा, बस. ठंडा हो गया सब.”

दुपारी पाऊस असा लागला की टांगा मिळेना. मामांचं धोतर चिंब. हरीबाईने ट्रंकेतून आपल्या गेलेल्या नवऱ्याची सुथण (घोळदार विजार) काढली. नगरच्या मिशन शाळेचे माजी हेडमास्तर त्या सुथणीत व्हरांड्याला टेकून बसले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने त्यांना आदल्या दिवशी भाजलेला पापड आणि पाणी आणून दिलं, कारण पाहुण्याला ते दिल्याशिवाय त्या लोकांना चैन पडत नाही. मी मुलीपाशी बसून तिचं अंग ओल्या फडक्याने पुसत होते. हरीबाई मला धीअ (मुलगी) म्हणायला लागली होती. रात्री आम्ही तिथेच राहिलो.

सकाळी चुली पूजा करून पेटल्या. सबंध बराकीतून धूर निघाला, आणि धूर बघून मला इतकं बरं आयुष्यात वाटलं नव्हतं. हरीबाईने मामांच्या तांदळाची खिचडी केली आणि मामांना शेजारी बसवून डाव हलवायला दिला. मुलीने दोन घास मागून खाल्ले. गोवर आपल्या दिवसांनी उतरतो, हे मी नर्स म्हणून जाणते. हरीबाईला मी ते सांगितलं नाही. उरलेला तांदूळ ती तसाच घेईना. निघताना बघतो तर गोणीत पापड भरलेले. ते आम्ही येशुदासकडे आणि पुढे सबंध नगरात वाटले. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते खाल्ले आहेत.

नगरला आल्यावर मामांनी बुधवारच्या प्रार्थनासभेत उभं राहून सगळं सांगितलं, काही न लपवता. मग व्हायचं तेच झालं. मंडळीचे वडील (चर्चचे पंच) विचाराला बसले. पाळक तरुण होते, मामांचेच विद्यार्थी. त्यांनी अगदी प्रेमाने सांगितलं, “सर, एवढंच म्हणा की प्रसाद खाल्ला ही चूक झाली. म्हणजे येत्या रविवारी प्रभुभोजनाला बसायला मोकळे.”

“चूल पेटवली ती चूक झाली,” मामा म्हणाले. “जिचा अपराध झाला तिच्याकडे ती मी कबूल केली. जेवलो ती चूक नव्हती.”

प्रभुभोजनाच्या (ख्रिस्ताच्या स्मरणाची भाकर वाटून खायच्या) रविवारी मामा मागच्या बाकावर बसले. भाकर पुढून आली आणि त्यांच्याजवळून निघून गेली. मला रडू आवरेना. घरी जाताना मी विचारलं, “मामा, तुम्हाला आता भीती नाही वाटत? त्या दिवसाची?”

ते चालताना थांबले, दम लागला होता. “भीतीला सवड कुठे आहे?” म्हणाले. “मला हरीबाईच्या आधी तिथे पोचायला हवं. एवढ्या गर्दीत तिला ओळखणारं कोण असणार? तिने मला जेवू घातलं, हे सांगायला मी उभा राहायला नको का?”

मामा माघात गेले. पुढच्या श्रावणात मी एकटी कॅम्पात गेले, थधडी सोडून दुसऱ्या दिवशी, मुद्दाम. मुलगी शाळेत गेली होती. हरीबाई चुलीपाशी होती. मामा गेल्याचं मी सांगितलं तेव्हा तिने चुलीतलं जळतं लाकूड मागे ओढलं. मग तिने एकच विचारलं.

“अदा खाली पेट तो नहीं गया?”

“नाही,” मी म्हणाले. “तुमच्याकडून जेवूनच गेले.”